जीएसटी कमी झाला, तरी मॉनिटर स्वस्त का झाला नाही? दहा-बारा हजारांत चांगला स्क्रीन कसा निवडायचा?

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये 'टीव्ही आणि मॉनिटर स्वस्त' अशा जाहिरातींचा पूर आला. अनेकांनी त्याच आशेवर मॉनिटरची खरेदी पुढे ढकलली होती. प्रत्यक्षात २४ किंवा २७ इंचांच्या मॉनिटरच्या बिलावर कराचा आकडा होता तोच राहिला.

दुसऱ्या बाजूला नवा लॅपटॉप घेणं महाग होत चाललं आहे. त्यामुळे जुन्याच लॅपटॉपला एक मोठा स्क्रीन जोडून आणखी दोन-तीन वर्षं काढायची, असा विचार करणारे विद्यार्थी, घरून काम करणारे नोकरदार आणि छोटे व्यावसायिक वाढले आहेत. त्यांचं बजेट असतं आठ ते पंधरा हजारांचं. आणि समोर असतात शेकडो मॉडेल, ज्यांच्या खोक्यावर '१०० हर्ट्झ', '१ एमएस', 'एचडीआर १०', 'आय केअर' असे जवळपास सारखेच शब्द छापलेले असतात.

यातले कोणते शब्द महत्त्वाचे आणि कोणते सोडून द्यायचे? समजून घेऊ.

जीएसटी नेमका कोणत्या मॉनिटरवर कमी झाला?

सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेनं २८ टक्क्यांचा टप्पा बहुतेक वस्तूंसाठी काढून टाकला. टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. बातम्यांचे मथळे इथेच थांबले.

पण ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर आणि टीव्ही १ जानेवारी २०१९पासूनच १८ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. डिसेंबर २०१८च्या बैठकीत तो निर्णय झाला होता. म्हणजे २०२५च्या कपातीचा फायदा झाला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनना.

उदाहरण घ्या. कर सोडून ३० हजार रुपये किंमत असलेला ३४ इंचांचा रुंद मॉनिटर आधी ३८,४०० रुपयांना पडायचा, आता तो ३५,४०० रुपयांना पडेल. पण सर्व कर धरून १० हजारांना मिळणाऱ्या २४ इंची मॉनिटरमध्ये आधीही साधारण १,५२५ रुपये जीएसटी होता आणि आजही तेवढाच आहे.

थोडक्यात, कमी बजेटच्या मॉनिटरवर 'जीएसटी बचत' असं लिहिलेलं दिसलं, तर ती कराची बचत नाही. ती दुकानदाराची किंवा कंपनीची सूट असू शकते. ती घ्यायला हरकत नाही, पण तिची तुलना त्याच मॉडेलच्या गेल्या काही महिन्यांतल्या किमतीशी करायला हवी. खोक्यावरच्या एमआरपीशी तुलना केली, तर सगळंच अर्ध्या किमतीत मिळतंय असं वाटतं.

मग मॉनिटरची किंमत ठरते कशावर?

मॉनिटरमधला सर्वांत महागडा भाग म्हणजे पॅनल. बाजारात डझनभर ब्रँड दिसतात, पण एलसीडी पॅनल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच आहेत. चीनमधल्या बीओई, टीसीएल सीएसओटी आणि एचकेसी, तैवानमधल्या एयूओ आणि इनोलक्स, दक्षिण कोरियातली एलजी डिस्प्ले ही त्यातली प्रमुख नावं.

गेल्या काही वर्षांत हा उद्योग आणखी चीनकडे सरकला आहे. सॅमसंग डिस्प्लेनं २०२२मध्ये एलसीडी पॅनलचं उत्पादन थांबवलं. एलजी डिस्प्लेनं चीनच्या ग्वांगझू शहरातला आपला एलसीडी कारखाना टीसीएल सीएसओटीला विकला आणि तो व्यवहार २०२५मध्ये पूर्ण झाला.

ग्राहकासाठी याचे दोन अर्थ निघतात. पहिला, ८ ते १२ हजारांच्या टप्प्यात वेगवेगळ्या ब्रँडच्या मॉनिटरमध्ये चित्राच्या दर्जाचा फरक जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नसतो. कारण आतली पॅनल याच मोजक्या कारखान्यांतून येतात. खरा फरक पडतो तो स्टँड, पोर्ट, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर यांत.

दुसरा, पॅनल आयात होतात आणि त्यांचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. डिसेंबर २०२५मध्ये एका डॉलरसाठी ९० रुपयांहून जास्त मोजावे लागले. त्यामुळे 'थोडं थांबलो तर किंमत आणखी पडेल' हा हिशेब दर वेळी जुळेलच असं नाही.

आताच मॉनिटरची मागणी का वाढते आहे?

याचा संबंध विंडोज आणि रॅमशी आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या अपडेटची मुदत आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून घेण्याची सोय आहे. पण अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत, म्हणून नवीन मशीन घेण्याचा विचार सुरू झाला.

नेमक्या त्याच काळात रॅमच्या किमती भडकल्या. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या खास मेमरीची मागणी प्रचंड वाढली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉननं तर 'क्रुशल' या नावानं सर्वसामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम महाग झाली की लॅपटॉप आणि फोनही महाग होतात.

मॉनिटरला या भाववाढीची थेट झळ बसत नाही, कारण त्याच्या किमतीत मेमरीचा वाटा फार छोटा असतो. आणि कॉम्प्युटर बदलला तरी मॉनिटर तसाच वापरता येतो. लॅपटॉप चार-पाच वर्षांत जुना वाटायला लागतो, चांगला मॉनिटर सात-आठ वर्षं सहज जातो. म्हणूनच ही निवड घाईत करण्यासारखी नाही. चुकीचा स्क्रीन तितकीच वर्षं डोळ्यांसमोर राहतो.

मोठा स्क्रीन घ्यायचा की जास्त रिझोल्युशन?

कमी बजेटमध्ये सर्वांत जास्त चूक इथे होते. २४ इंचांपेक्षा २७ इंच मोठा, किमतीत दोन-तीन हजारांचा फरक, मग मोठाच घेऊ, असा विचार केला जातो.

पण बहुतेक स्वस्त २७ इंची मॉनिटरचं रिझोल्युशन २४ इंची मॉनिटरएवढंच, म्हणजे फुल एचडी (१९२० × १०८०) असतं. पिक्सेलची संख्या तीच, साधारण २०.७ लाख. फक्त तेच पिक्सेल २८ टक्के जास्त जागेवर पसरवलेले असतात. म्हणजे मोठ्या स्क्रीनवर जास्त मजकूर मावत नाही. तोच मजकूर मोठा आणि थोडा फाटल्यासारखा दिसतो.

हे मोजायचं माप म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात, म्हणजेच पीपीआय.

- २१.५ इंच, फुल एचडी : साधारण १०२
- २४ इंच (प्रत्यक्षात २३.८), फुल एचडी : साधारण ९३
- २७ इंच, फुल एचडी : साधारण ८२
- २७ इंच, क्यूएचडी (२५६० × १४४०) : साधारण १०९
- २७ इंच, फोरके : साधारण १६३

हातभर अंतरावरून वाचन, टायपिंग, एक्सेल, कोडिंग करणाऱ्यासाठी ९०च्या वरचा आकडा बरा. ८२ म्हणजे अक्षरांच्या कडा दिसायला लागतात. लांबून सिनेमा किंवा क्रिकेट बघायचं असेल, तर २७ इंच फुल एचडी चालून जातो. रोज आठ तास वाचायचं असेल, तर नाही.

म्हणून सोपा नियम : फुल एचडी घ्यायचा असेल, तर २४ इंचांवर थांबा. २७ इंचच हवा असेल, तर क्यूएचडीसाठी पैसे साठवा. क्यूएचडीमध्ये फुल एचडीपेक्षा ७८ टक्के जास्त पिक्सेल असतात आणि दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून काम करताना तो फरक लगेच जाणवतो.

मराठी वाचणाऱ्यांसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा का?

मॉनिटरचे बहुतेक रिव्ह्यू इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ बसतं. देवनागरीत मात्र अक्षराच्या वर आणि खाली बरंच काही असतं.

'महर्षींना' हा शब्द बघा. त्यातल्या 'ष'च्या डोक्यावर रफार, दीर्घ वेलांटीचा वळसा आणि अनुस्वार असे तीन घटक एकाच छोट्या जागेत येतात. 'उद्ध्वस्त', 'वैशिष्ट्य' यांसारख्या जोडाक्षरांचंही तेच. कमी पीपीआयच्या स्क्रीनवर छोट्या आकाराच्या फॉन्टमध्ये हा सगळा तपशील चार-पाच पिक्सेलमध्ये कोंबावा लागतो. मग अनुस्वार आहे की नाही, तेच कळत नाही. प्रूफरीडिंग, डीटीपी, भाषांतर, अध्यापन किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास पीडीएफवर करणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो.

याची चाचणी सोपी आहे. दुकानात डेमोचा रंगीबेरंगी व्हिडिओ बघण्याऐवजी एखादं मराठी बातम्यांचं पान आणि एखादी मराठी पीडीएफ १०० टक्के आकारावर उघडून वाचा. घरी मॉनिटर आणल्यावर विंडोजमधलं 'क्लिअरटाइप' सेटिंग एकदा चालवून घ्या. त्यानं अक्षरं बरीच सुधारतात आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मॅक मिनी किंवा मॅकबुक वापरणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. ॲपलनं २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत बदलली. त्यामुळे कमी पीपीआयच्या बाहेरच्या मॉनिटरवर मॅकचा मजकूर विंडोजच्या तुलनेत पुसट वाटू शकतो.

आयपीएस, व्हीए, टीएन : कोणतं पॅनल घ्यायचं?

टीएन : जुनं तंत्रज्ञान. बाजूनं किंवा खालून पाहिलं की रंग बदलतात. आज त्याच किमतीत आयपीएस मिळत असल्यामुळे टीएन घेण्याचं फारसं कारण उरलेलं नाही.

आयपीएस : कोणत्याही कोनातून रंग जवळपास सारखे दिसतात. कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१. अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो आणि कोपऱ्यांत थोडा उजेड झिरपतो. अभ्यास, ऑफिसचं काम, डिझाइन, फोटो यांसाठी ही सुरक्षित निवड.

व्हीए : कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१, त्यामुळे काळा रंग जास्त गडद. रात्री सिनेमा बघणाऱ्यांना आवडतं. पण स्वस्त व्हीए पॅनलवर गडद रंगांची हालचाल होताना मागे सावलीसारखा पट्टा राहतो. पान स्क्रोल करतानाही काहींना तो खटकतो. कमी किमतीचे बहुतेक वक्र म्हणजे 'कर्व्ह्ड' मॉनिटर व्हीए असतात. २४ इंचांच्या स्क्रीनला वक्र असण्याचा उपयोग जवळपास शून्य, तो फक्त दिसायला वेगळा.

हर्ट्झ आणि मिलिसेकंदांचा खेळ काय आहे?

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवते. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १०० हर्ट्झवर दर १० आणि १८० हर्ट्झवर दर ५.६ मिलिसेकंदांनी.

या आकड्यांतच उत्तर आहे. ६०वरून १००वर गेल्यावर माउस आणि स्क्रोलिंग स्पष्टपणे मऊ वाटतं. त्याच्या पुढे फरक कमी-कमी होत जातो आणि तो मुख्यतः वेगवान गेम खेळणाऱ्यांच्या कामाचा असतो. आज साध्या, कमी किमतीच्या मॉनिटरमध्येही १०० हर्ट्झ सर्रास मिळतं. त्यामुळे नव्या खरेदीत ६० किंवा ७५वर समाधान मानायची गरज नाही. पण गेमिंग करत नसाल, तर १८० हर्ट्झसाठी वेगळे पैसे मोजू नका.

'१ एमएस' हा मात्र फसवा आकडा आहे. तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला जातो. 'जीटीजी' म्हणजे पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. 'एमपीआरटी' म्हणजे हलणारं चित्र डोळ्यांना किती वेळ दिसतं त्याचं माप. एमपीआरटीचा छोटा आकडा मिळवण्यासाठी बॅकलाइट वेगानं बंद-चालू करावा लागतो आणि त्या मोडमध्ये स्क्रीन अंधुक होते. रोजच्या वापरात हा मोड कोणी लावत नाही. म्हणजे खोक्यावरचा १ एमएस घरी क्वचितच भेटतो.

'एचडीआर १०' आणि '१ कोटी : १ कॉन्ट्रास्ट' याचा अर्थ काय?

स्वस्त मॉनिटरवरच्या 'एचडीआर १०' या शब्दांचा अर्थ एवढाच, की मॉनिटर एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो. तो नीट दाखवू शकतो असा नाही. त्यासाठी भरपूर उजेड आणि स्क्रीनचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोय लागते. व्हेसा या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरीसुद्धा ४०० निट्सची आहे. १० हजारांचे बहुतेक मॉनिटर २५० ते ३०० निट्सचे असतात. त्यांच्यावर एचडीआर चालू केलं, तर उलट रंग फिके पडतात.

'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'चे लाखा-कोटींतले आकडेही सोडून द्या. 'स्टॅटिक' किंवा 'टिपिकल' कॉन्ट्रास्ट बघा.

रंगांच्या बाबतीत एक ओळ जरूर शोधा. '९९ टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल, तर रंग पुरेसे आहेत. ही दोन्ही मापं साधारण एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल, तर लाल रंग विटकरी दिसेल. काहीच लिहिलं नसेल, तर लिहिण्यासारखं काही नाही असं समजायला हरकत नाही.

'आय केअर'मुळे डोळे खरंच वाचतात का?

पालक मुलांसाठी मॉनिटर घेताना सर्वांत आधी हेच विचारतात, आणि विक्रेतेही यावरच भर देतात.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था कॉम्प्युटरसाठी निळा प्रकाश अडवणाऱ्या खास चष्म्यांची शिफारस करत नाही. स्क्रीनसमोरचा थकवा मुख्यतः आपण स्क्रीन कशी वापरतो त्यामुळे येतो, असं तिचं म्हणणं. टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. तिची शिफारस साधी आहे : दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा, आणि स्क्रीन साधारण २५ इंच, म्हणजे हातभर अंतरावर ठेवा.

मॉनिटरमधला 'लो ब्लू लाइट' मोड स्क्रीन पिवळसर करतो. विंडोजमधलं 'नाइट लाइट' हेच काम फुकटात करतं.

पण 'फ्लिकर-फ्री' हा शब्द कामाचा आहे. काही स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट वेगानं बंद-चालू करतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींना त्यामुळे डोकेदुखी होते. फ्लिकर-फ्री मॉनिटर हे टाळतो. मॅट म्हणजे चकाकी नसलेला पृष्ठभागही तितकाच महत्त्वाचा, विशेषतः खिडकीसमोर टेबल असेल तर.

आणि मान? स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली यायला हवी. खाली दोन जाड पुस्तकं ठेवली तरी काम भागतं. पुढे स्टँड बदलायचा असेल, तर मागे ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटरची 'व्हेसा' भोकं आहेत का, ते आधीच बघा. सगळ्याच मॉडेलना ती नसतात.

मग ३२ इंची टीव्हीच घेतला तर?

'तेवढ्याच पैशांत टीव्ही येतो, दोन्ही कामं होतील' हा सल्ला घरोघरी मिळतो. पण स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा 'एचडी रेडी' असतात, म्हणजे १३६६ × ७६८. त्यांचा पीपीआय येतो अवघा ४९. सोफ्यावरून ते ठीक वाटतं, टेबलावर मात्र एकेक पिक्सेल मोजता येतो.

शिवाय अनेक टीव्ही चित्रावर आपली प्रक्रिया करतात. त्यामुळे माउस मागे राहतो आणि रंगीत अक्षरं पसरतात. वाचन-लेखनाचं काम असेल, तर टीव्ही हा पर्याय नाही.

जुन्या लॅपटॉपला नवा मॉनिटर चालेल का?

बहुतेक वेळा चालतो, पण पोर्ट तपासून घ्या.

- लॅपटॉपला एचडीएमआय १.४ पोर्ट असेल, तर फुल एचडी व्यवस्थित चालतं. फोरके मात्र ३० हर्ट्झवरच चालेल आणि माउस अडखळल्यासारखा वाटेल.
- एचडीएमआय २.० असेल, तर फोरके ६० हर्ट्झवर चालतं.
- फक्त व्हीजीए असेल, तर चित्र थोडं पुसट येईल. अशा वेळी महागडा मॉनिटर घेण्यात अर्थ नाही.
- यूएसबी-सी पोर्ट असूनही प्रत्येक लॅपटॉपमधून त्यावाटे चित्र बाहेर जातंच असं नाही. मॉडेलची माहिती बघा.

खोक्यात कोणती केबल येते, हेही विचारा. ती नसेल, तर खर्च वाढतो.

विजेचा खर्च फार नसतो. २४ इंचांचा एलईडी मॉनिटर साधारण २०-२५ वॅट घेतो. २५ वॅट, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ६० युनिट होतात. ८ रुपये युनिटप्रमाणे वर्षाला ४८० रुपये.

ऑनलाइन, दुकान की सेकंडहँड?

ऑनलाइन किमती बहुधा कमी असतात, पण मॉनिटर ही काचेची वस्तू आहे. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढून ठेवा. परत करण्याची मुदत किती आणि पैसे परत मिळणार की फक्त बदली, हे ऑर्डर करण्याआधी वाचा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणं बंधनकारक आहे आणि सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार अडली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात स्क्रीन चालू करून बघता येते आणि घासाघीसही होते. तिथे पक्कं बिल घ्या. 'बिल नको असेल तर हजार कमी' हा सौदा वॉरंटीच्या वेळी महागात पडतो. मॉनिटरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर-'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.

कंपन्यांच्या ऑफिसमधून बाहेर पडलेले जुने मॉनिटरही बाजारात मिळतात. वर-खाली होणारा स्टँड असलेला चांगला आयपीएस मॉनिटर तीन-चार हजारांत मिळून जातो. घेताना स्क्रीन अर्धा तास चालू ठेवा, पांढऱ्या रंगावर पिवळे डाग आहेत का बघा आणि लेबलवर उत्पादनाचं वर्ष वाचा. एलईडीच्या आधीचे, ट्यूबलाइटसारखा बॅकलाइट असलेले मॉनिटर टाळा. त्यांच्यात पारा असतो, वीजही जास्त लागते.

'डेड पिक्सेल' निघाला तर वॉरंटी मिळते का?

एक पिक्सेल कायम काळा किंवा कायम लाल-हिरवा दिसला, तर मॉनिटर बदलून मिळेल असं अनेकांना वाटतं. पण अनेक कंपन्यांच्या धोरणात ठरावीक संख्येपर्यंतचे असे दोष 'स्वीकारार्ह' धरले जातात. म्हणून वॉरंटीपेक्षा परत करण्याच्या मुदतीवर अवलंबून राहणं शहाणपणाचं. पहिल्याच दिवशी काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पूर्ण स्क्रीनवर लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

वॉरंटी तीन वर्षांची असेल तर उत्तम, बऱ्याच ब्रँडची असते. त्यातही घरी येऊन बदली देणार की सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावा लागणार, हे विचारा. जवळचं सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल, तर कमी नावाजलेल्या ब्रँडवर वाचलेले हजार रुपये एका फेरीतच संपतात.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

६ ते ७ हजार : २१.५ किंवा २२ इंच, फुल एचडी, आयपीएस. ऑनलाइन क्लास, अभ्यास, दुकानाचं बिलिंग यांसाठी पुरेसा. लहान असला तरी अक्षरं स्वच्छ दिसतात.

८ ते ११ हजार : २४ इंच, फुल एचडी, आयपीएस, १०० हर्ट्झ, फ्लिकर-फ्री, व्हेसा भोकं, तीन वर्षांची वॉरंटी. बहुसंख्य लोकांसाठी पैशांचं सर्वांत चांगलं मोल इथेच मिळतं.

१५ ते २० हजार : २७ इंच, क्यूएचडी, आयपीएस. कोडिंग, डीटीपी, व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या एक्सेल शीट यांसाठी. बजेट १२ हजारांवर अडत असेल, तर २७ इंच फुल एचडीचा मोह टाळून २४ इंचच घ्यावा आणि उरलेल्या पैशांत स्टँड किंवा एखादा बरा कीबोर्ड घ्यावा.

या किमती साधारण आहेत, सेलमध्ये खाली-वर होतात. पण निवडीचा क्रम बदलत नाही : आधी आकार आणि रिझोल्युशन यांची जोडी, मग पॅनल, मग पोर्ट आणि वॉरंटी, आणि सर्वांत शेवटी हर्ट्झ. जाहिरातीत हा क्रम बरोबर उलटा असतो.